कुंभारणीची माती

आमच्या आणि मोठ्या बाबांच्या घरात एक भिंत सामाईक आहे. वाटणी झाली तेव्हा घर मधून कापलं गेलं आणि गोठ्याची ही पांढऱ्या मातीची भिंत तेवढी दोघांत राहिली. अलीकडून आपली, पलीकडून त्यांची, असं माझे वडील म्हणतात. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं म्हणणं असं की भिंत पूर्ण त्यांची आहे, आम्ही तिला नुसते टेकून राहतो.

त्या भिंतीवर एक माशी राहायला आली. तिच्यापासून जे घडलं ते मला लिहायचं आहे. असं काही मी पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे क्रम चुकेल की काय अशी भीती वाटते. लिहून काढलं की राग उतरतो असं ऐकलं होतं. माझा काही उतरलेला नाही.

मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. डोंगरकडा नावाच्या मोठ्या गावाच्या अलीकडे आमचं खेडं, तिथून सकाळच्या एसटीनं जाते आणि दुपार कलल्यावर येते. वर्गात मी मागे बसते. उत्तर येत असलं तरी हात वर करेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं. प्राणिशास्त्राच्या मॅडम मला नेहमी म्हणतात, “मोठ्यानं बोल, तुझं तुलाच ऐकू येत नसेल.”

पोळा होऊन गेल्यावर मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलं. आपल्याच घरात राहणारा एखादा छोटा जीव निवडायचा, तो कसा दिसतो, कुठं राहतो, काय करतो हे रोज बघायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गासमोर उभं राहून सांगायचं. कुणी पाल घेतली, कुणी मुंग्या. मी म्हणाले, कुंभारीण माशी. मॅडम म्हणाल्या, “कोणती कुंभारीण?” कुंभारणी दोन असतात हेच मला माहीत नव्हतं.

घरी येऊन बघितलं तर खरंच दोन होत्या. एक सगळ्यांना माहीत असलेली, पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या लांब कमरेची. ती मुठीएवढा मातीचा गोळा थापते. दुसरी तिच्या निम्म्यानं. तिच्याकडे आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं. ती काळी असते, पण गोठ्याच्या दारातून ऊन आत आलं की तिच्या पाठीवर निळसर झाक दिसते. पंख धुरकट. मागचे पाय अंगाच्या मानानं लांब. मिशा टोकाशी मुरडलेल्या. उडते कमी आणि चालते जास्त, आणि चालताना पंख सारखे झटकत असते, जणू कुणीतरी तिला काहीतरी बोललंय आणि ते तिला पटलेलं नाही.

ऊन लागणाऱ्या भिंतीवर ती घर करत नाही, पाऊस पोचतो तिथं करत नाही, चुलीच्या धुराजवळही करत नाही. तिला कोरडी सावली लागते आणि जवळपास पाणी. आमच्या गोठ्यात दोन्ही होतं. बैलांच्या हौदावरून ती तोंडात पाणी घेऊन यायची, सुकी माती त्यानं भिजवायची, तिची बारीक गोळी करायची आणि भिंतीला लावायची. मग वळून पोटाच्या टोकानं ती गोळी थापायची. आमच्याकडे गवंडी थापी मारतो तशीच. शेंगदाण्याएवढ्या एकेका मडक्याशेजारी दुसरं मडकं, त्यावर तिसरं. प्रत्येक मडक्यात एकच कोळी. कोळ्याला ती ठार मारत नाही. डंख मारून सुन्न करते आणि त्याचे पाय मुळापासून कुरतडून टाकते, म्हणजे वाहायला अडचण नको आणि मडक्यात जागाही कमी लागते. मग तो बिनपायाचा कोळी पोटाखाली धरून भिंत चढते, मडक्यात ठेवते, त्याच्या पोटावर एक अंडं घालते आणि तोंड मातीनं बुजवते. अळी निघाली की तिला ताजं खायला मिळतं. हे मी पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

कोणतं मडकं कधी बुजलं ते लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येकाभोवती खडूनं गोल काढले होते. त्या गोलांनीच घात केला.

मोठ्या बाबांचं गावात नाव आहे ते गालफुगीच्या औषधासाठी. गालफुगी म्हणजे गालगुंड. लेकराचा गाल सुजला की बाया त्याला घेऊन रविवारी सकाळी मोठ्या बाबांच्या अंगणात येतात. मोठे बाबा कुंभारणीच्या घराची माती पाण्यात कालवतात आणि अंगठ्यानं गालावर लेप देतात. त्याला नियम आहेत. लेप लावताना लावणाऱ्यानं वर सूर्याकडं बघायचं. लावून घेणाऱ्यानं पूर्वेकडं तोंड करून डोळे मिटायचे. माती वाळेपर्यंत अंगणात कुणी बोलायचं नाही. गालगुंड तसंही आठवडाभरात उतरतं, हे आता मला माहीत आहे. पण गावात म्हणतात, त्यांच्या हाताला गुण आहे. पैसे ते घेत नाहीत. त्यांना बाया वाकून नमस्कार करतात तेवढं पुरतं.

ह्या वर्षी गावात गालफुगीची साथच आली. मोठ्या बाबांच्या घरची माती संपली. मी कॉलेजातून आले तर आमच्या गोठ्यात मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, हातात खुरपं घेऊन उभी होती, आणि भिंत साफ होती. खडूचे गोलसुद्धा खरवडले होते. खाली सुपात सगळी मडकी पडलेली होती. मोठे बाबा दारात बाजेवर बसून दाखवत होते, तिकडं अजून एक राह्यलं बघ, गोल काढून ठिवलेत पोरीनं, सापडायला सोपं.

मी एवढंच विचारलं की मोठे बाबा, काहून काढलं, मला कॉलेजात दाखवायचं होतं. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. वडील तेवढ्यात कडब्याची पेंढी घेऊन आत आले होते. मोठ्या बाबांनी माझ्याकडं बघितलंच नाही, वडिलांकडं बघून बोलले.

“माशीचं घर व्हय ते. तुह्या बापाचं न्हाई.”

आणि भिंतीवर हात थोपटला.

वडिलांनी पेंढी बैलांपुढं टाकली, दोरी सोडली, दोरीची नीट गुंडाळी केली आणि बाहेर गेले. माझे वडील कुणाला काही बोलत नाहीत. त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भाकरी मागितली नाही, आणि माय म्हणाली, जाऊ दे, मोठ्यांच्या तोंडी लागू नये. मी तोंडी लागणार नव्हतेच. तोंडी लागायला मोठा आवाज लागतो. पण त्या दिवसापासून मी मोठ्या बाबांचं एक देणं लागते असं धरून चालले, आणि ते कसं फेडायचं ह्याचाच विचार एसटीच्या खिडकीत बसून करत राहिले. त्यांची बाज अंगणात पावसात तशीच राहू द्यावी, त्यांची म्हैस सुटली तर सांगू नये, असे बारीकसारीक विचार. सगळेच मला कमी वाटले. मला त्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं, जसं वडिलांना लागलं तसं.

एक मडक्यांचा घोस मात्र वाचला होता. आमच्या धान्याच्या कोठीच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली आहे, तिच्या मागच्या अंगाला. तो मी कुणाला दाखवला नव्हता. आठ-दहा मडकी होती आणि सगळी बुजलेली. माशी निघून गेली की मडक्याला गोल भोक पडतं. ह्यातल्या एकालाही पडलं नव्हतं, म्हणजे सगळी भरलेली. वर्गात दाखवायला माझ्याकडे आता एवढंच होतं. तिथं मी खडू लावला नाही. रोज दिव्याच्या उजेडात बघायचे आणि पाटी पुन्हा लोटून द्यायचे.

मग मोठ्या बाबांनाच गालफुगी झाली.

नातवाकडून लागली असावी. एका बाजूचा गाल असा सुजला की डोळा बारीक झाला. ते तोंडावर दस्ती, म्हणजे रुमाल, बांधून घरातच बसू लागले. गावात हसणं सुरू झालं, पण हळूच. चक्कीवर कुणी म्हणालं, वैदाच्याच म्हशीला गोचीड. एकजण म्हणाला, आता ह्यांचा गाल कोण चोळणार, सरपंच? रविवारी यायच्या त्या बायांनी मोठीमायला स्पष्टच सांगून पाठवलं की आधी त्यांनी स्वतःच्या गालाला लावावं, आम्ही बघतो, मग आमच्या लेकरांना लावू. त्यात चूक काही नव्हतं. पण मोठ्या बाबांच्या घरात माती शिल्लक नव्हती, आणि गावातल्या सगळ्या भिंती त्यांनीच खरवडल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी मोठीमाय आमच्याकडं आली. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, “पोरी, तुला ठावं असंल कुठं एखांदं घर. तुझं शिक्षणच त्याचं.” ती टोमणा मारत होती की विनवत होती ते कळलं नाही. मी म्हणाले, बघते.

खरं म्हणजे मला बघायचं काही नव्हतं. विचार करायचा होता. पाटीमागचं घर दिलं तर वर्गासमोर रिकाम्या हातानं उभं राहावं लागणार होतं. एवढे दिवस जिची वाट बघत होते ती माशी मडक्यातून बाहेर येताना बघायला मिळणार नव्हती. आणि नाही दिलं तर मोठे बाबा कुठूनतरी माती मिळवणार, गाल आठवडाभरात उतरणार, आणि हाताला गुण आहे हे गाव पुन्हा म्हणणार. दुसऱ्या बाजूला, ती मडकी भरलेली होती. आत काय होतं ते मला ठाऊक होतं. मोठे बाबा कातिणीला भितात हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. आमच्याकडं कोळ्याला कातीण म्हणतात, आणि कातीण तोंडावरून फिरली की फोड येतात असं मानतात. मोठे बाबा झोपायच्या आधी बाजेखाली कंदील धरून बघतात.

मी पाटी काढली आणि चाकूच्या पात्यानं घोस अलगद सोडवला. एकही मडकं फुटू दिलं नाही.

मोठीमायनं तो घोस तळहातावर घेतला, उलटा केला, एका मडक्याच्या तोंडावर अंगठा दाबून बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

“हे तर भरलेलं हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं.

“ह्याच्यात कातिणी निघतात. पाय नसलेल्या. दरसाल मीच येचून टाकते अन् मग माती फडक्यातून गाळून देते त्यांला.” तिनं घोस पुन्हा सुलटा केला. “त्यांला ठावं न्हाई. आजवर कदी इचारलं न्हाई त्यांनी.”

तिनं घोस पदरात घेतला आणि गेली. मी उंबऱ्यात उभीच राहिले. ती काय करणार ह्याचा मला अंदाज येत नव्हता. गाळून देणार असेल तर माझं घर फुकट गेलं होतं.

रविवारी ऊन अंगणात उतरलं तसे लोक जमले. लेकरांना कडेवर घेतलेल्या बाया, दोन-चार म्हातारे, शिवाय ज्यांना गालफुगीशी काही घेणं नव्हतं असेही बरेच. मी भिंतीजवळ उभी राहिले. लेप कुठल्याही लेकराच्या गालाला लागायच्या आत आपण पुढं व्हायचं एवढं मी ठरवलं होतं. मोठे बाबा दस्ती सोडून पाटावर बसले, पूर्वेकडं तोंड करून. मोठीमायनं पितळेची वाटी आणून पुढं ठेवली. त्यात पाणी होतं आणि पाण्यात तो घोस तसाच, अख्खा.

“हे गाळलं न्हाई?” मोठे बाबा म्हणाले.

“आज हात दुखून राह्यला माझा,” मोठीमाय म्हणाली. “गुण तुमच्या हाताला हाय. तुमीच चुरा.”

बायांत कुणीतरी खोकलं. मोठ्या बाबांनी घसा खाकरला, वर सूर्याकडं बघितलं आणि वाटीत बोटं घातली. माती भिजून सैल झालीच होती. ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत चुरत राहिले, वर बघत राहिले. मग डोळे मिटले आणि अंगठ्यानं, बोटांनी, सगळा लेप गालावर थापला.

लेप गुळगुळीत नव्हता. गालावर चार-पाच उंचवटे होते.

अंगणात शांतता होती, नियमाप्रमाणे. माती वाळायला लागली. मोठ्या बाबांच्या भुवया जवळ आल्या. त्यांना काहीतरी लागत असावं, पण बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता. ओठाच्या कडेला एक उंचवटा हळूच घसरला आणि मिशीत अडकला. तेवढ्यात एका बाईच्या कडेवरची लहानशी पोरगी, तिचा स्वतःचा गाल लिंबाएवढा, नियम मोडून बोलली.

“माय, मोठ्या बाबाच्या मिशात कातीण.”

मोठ्या बाबांनी डोळे उघडले. मिशीला हात लावला, हात समोर धरला. तळहातावर हिरवट, टपोरा, एकही पाय नसलेला कोळी होता आणि त्याच्या तोंडाशी काहीतरी अगदी हळू हलत होतं. मोठे बाबा ओरडले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हातांनी गाल ओरबाडला, आणि मातीबरोबर बाकीचे कोळी त्यांच्या सदऱ्यावर, धोतरावर पडले. वाटी कलंडली. “पाणी,” एवढंच ते म्हणाले. मोठीमायनं तांब्या भरून दिला, सावकाश.

धुऊन झाल्यावर, साबण लावून पुन्हा धुऊन झाल्यावर, त्यांनी विचारलं, “काय व्हतं त्याच्यात?” विचारलं मोठीमायला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग सगळेच माझ्याकडं बघायला लागले.

मी सांगितलं. वर्गात सांगायचं म्हणून जे पाठ केलं होतं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. माशी कशी दिसते, तिच्या मिशा कशा मुरडलेल्या असतात, ती कोरडी सावली कशी शोधते, पाणी कुठून आणते, पोटाच्या टोकानं माती कशी थापते. कोळ्याला कसा डंख मारते आणि तो मरत का नाही. पाय कुठून कुरतडते. अंडं कुठं घालते. अळी कोळ्याला कसं जिवंतपणी खाते, सगळ्यात शेवटी काय खाते. मोठे बाबा गालाला दस्ती दाबून ऐकत होते, कारण उठून जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागत होतं. मागं उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, जरा मोठ्यानं बोल बाई. मी मोठ्यानं बोलले.

शेवटी म्हणायचं वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं. तुमच्या बापाचं न्हाई, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांचा बाप म्हणजे माझा आजोबा. त्याचा फोटो आमच्या घरातही आहे, त्याला माय दर सणाला हार घालते. त्यामुळे अर्धंच म्हणता आलं.

“माशीचं घर व्हतं ते, मोठे बाबा.”

मोठे बाबा खाली बघत होते. भिंतीच्या टोकाला, आमच्या दारात वडील उभे होते. कधीपासून उभे होते माहीत नाही.

बाया आपापली लेकरं घेऊन डोंगरकड्याच्या दवाखान्यात गेल्या, आणि पुढच्या रविवारी मोठ्या बाबांच्या अंगणात कुणी आलं नाही. त्यांच्या ओठाच्या कडेला दोन फोड आले. साबणानं आणि ओरबाडण्यानं कातडी सोलली होती म्हणून आले असतील, पण ते म्हणत होते कातीण फिरली. विज्ञान शिकणाऱ्यानं लोकांचे गैरसमज दूर करावेत असं आम्हाला शिकवतात. तो मी दूर केला नाही. त्या संध्याकाळी वडिलांनी मला विचारलं की पाय नेमके कशानं कापते ती. मी जबड्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, मग दस्ती तोंडाला लावली आणि हसण्यानं त्यांचे खांदे हलायला लागले. जेवताना त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

वर्गात मी चित्रांवर भागवलं. मॅडमनी विचारलं, घर कुठं आहे? मी म्हणाले, औषधाला गेलं. त्या हसल्या, पुढं विचारलं नाही. आवाजाबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर सामाईक भिंतीवर पुन्हा एक काळी माशी आली. ह्या वेळी पलीकडच्या बाजूला, मोठ्या बाबांच्या बाजेच्या बरोब्बर वर. खुरप्याला कुणी हात लावला नाही. मोठ्या बाबांनी बाज गोठ्यातून उचलून अंगणाच्या पार टोकाला नेली, जिथं दुपारभर ऊन असतं. मी रोज कॉलेजातून आले की खडू घेऊन त्यांच्या गोठ्यात जाते. परवानगी मागत नाही. त्यांच्या भिंतीवर गोल काढते.

परवा गेले तर पहिल्याच मडक्याला गोल, स्वच्छ भोक पडलेलं होतं. मग बघितलं, बाकीच्यांनाही. माशा निघून गेल्या होत्या. घर रिकामं होतं. मोठे बाबा उन्हात बाजेवर बसले होते, डोक्यावर दस्ती टाकून. तिथूनच विचारलं, “झालं का रिकामं?”

मोठीमाय गोठ्याच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं भिंतीकडं बघितलं. भोकं तिथूनही दिसत होती.

“न्हाई अजून,” मी म्हणाले.

“भरलेलं हाय,” मोठीमाय सुपातून मान वर न करता म्हणाली. “तिकडंच बसा तुमी.”